राणीच्या बागेत, झाडे बघायला

एडवणहून मुंबईला जाणाऱ्या माणसाची मुंबई बहुधा दादरला संपते. वाडीत जे काय निघाले असेल ते, मोगऱ्याच्या कळ्या म्हणा, केळीची पाने म्हणा, शेवग्याच्या शेंगा म्हणा, पहाटेच्या गाडीने दादरला उतरवायचे. पैसे मोजून घ्यायचे, घरच्यांनी सांगितलेली दोन-चार कामे उरकायची आणि उन्हे चढायच्या आत परतीची गाडी धरायची. दादरच्या पुढे मध्य रेल्वेने चार स्टेशने गेले की भायखळा येते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तिथे मुद्दाम उतरतो कोण? उतरलाच तर पोरांच्या हट्टापायी, राणीच्या बागेतला वाघ दाखवायला.

वाचकहो, आज मी तुम्हाला त्याच राणीच्या बागेत नेणार आहे. वाघ तुम्ही बघाच, त्याला माझी ना नाही. पण मला तुम्हाला तिथली झाडे दाखवायची आहेत. तुम्ही म्हणाल, झाडे बघायला दोन तास गाडीत उभे राहून मुंबईला कशाला जायचे? आमच्या वाडीत काय झाडे कमी आहेत? तुमचे म्हणणे रास्त आहे. परंतु ही बाग मुळात कोणी लावली आणि कशासाठी लावली हे ऐकून घ्या, मग ठरवा.

आधी वाट सांगतो. एडवणहून सफाळ्यापर्यंत एस.टी. किंवा रिक्षा, आणि सफाळ्याहून लोकल. २०१३ सालापासून चर्चगेटच्या लोकल गाड्या डहाणूपर्यंत येऊ लागल्या, त्यामुळे पूर्वी विरारला होणारी धावपळ बरीच कमी झाली. दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेची गाडी घ्या. भायखळ्याला पूर्वेच्या बाजूने बाहेर पडा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाची दिशा विचारा. दहा मिनिटे चाललात की उजवी-डावी विचारायची गरज उरत नाही, समोर उंच झाडांची रांगच दिसते. बागेला लागून जो रस्ता आहे त्याचे नाव संत सावता मार्ग. मळ्यातच पांडुरंग पाहणाऱ्या सावता माळ्याचे नाव या रस्त्याला ज्या कोणी सुचवले, त्याला बागेची ओळख पटली होती असे मला वाटते. आणखी एक गोष्ट. घाटावरच्या भाजीपाल्याचे ट्रक एके काळी रात्री याच भायखळ्यात उतरत. घाऊक बाजार १९९६ मध्ये वाशीला गेला, तेव्हापासून शेतकऱ्याचा भायखळ्याशी संबंध तुटल्यासारखा झाला. नाहीतर आमच्या आधीच्या पिढीला हा भाग चांगला परिचयाचा होता.

आता मूळ गोष्टीकडे वळू.

१८३० मध्ये मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचे तर 'पश्चिम हिंदुस्थानची शेती व बागायत मंडळी'. हिचे काम काय? परमुलखातून बी-बियाणे आणि रोपे आणवायची, ती आपल्या हवेत आणि मातीत धरतात का ते पाहायचे, आणि फळाफुलांची, भाजीपाल्याची प्रदर्शने भरवून चांगल्या मालाला बक्षीस द्यायचे. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्राचे प्रयोग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्याचाच हा फार जुना अवतार म्हणा. यात इंग्रजांचा स्वार्थ होता हे सांगायला नको. कोणत्या झाडापासून तेल निघते, कशाचा दोर वळता येतो, कशाचा रंग होतो आणि कोणता माल विलायतेला धाडता येतो, याची त्यांना मोठी उत्सुकता होती. पण बी एकदा जमिनीत पडले की ते कोणाच्या स्वार्थाने पडले हे झाड लक्षात ठेवत नाही. आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याला अडवून उभा असलेला सुरू घ्या, दारातला गुलमोहर घ्या, डहाणू-घोलवडचा चिकू घ्या. यातले एकही झाड मूळचे इथले नाही. कोणी तरी, कधी तरी, कुठल्या तरी बागेत ते पहिल्यांदा लावून पाहिले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले.

या मंडळीची पहिली बाग शिवडीला होती. ती जागा पुढे १८६५ मध्ये दफनभूमीसाठी गेली. त्याच्या आधीच मंडळीला भायखळा-माझगावच्या बाजूला ३३ एकर जमीन मिळाली होती आणि तिथे नवी बाग आखली गेली. १९ नोव्हेंबर १८६२ या दिवशी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांना खुली झाली. त्याच दिवशी खुद्द गव्हर्नरांनी बागेच्या तोंडाशी संग्रहालयाची कोनशिला बसवली. राज्य व्हिक्टोरिया राणीचे, म्हणून बागेला नाव दिले 'व्हिक्टोरिया गार्डन'. मुंबईच्या मराठी माणसाने त्याचा 'राणीचा बाग' करून टाकला. आपल्या तोंडी बाग बाई असते आणि मुंबईकराच्या तोंडी ती पुष्कळदा बुवा होते. त्यावरून कोणाशी भांडू नका.

नुसती गोऱ्या साहेबांची ही बाग होती असे मात्र समजू नका. बाग आणि संग्रहालय उभारण्याच्या खटपटीत नाना शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी लाड होते. यांच्या बरोबर डॉ. जॉर्ज बर्डवुड नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते. मुंबई इलाख्यात वनस्पतींपासून काय काय माल निघतो याची मोठी यादी त्यांनी ग्रंथरूपाने केली. भाऊ दाजींबद्दल एक गोष्ट शेतकऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. गोव्यातून मुंबईत आलेला हा मुलगा शिकून नामांकित डॉक्टर झाला, आणि कुष्ठरोग्यांवर कडू कवठाच्या तेलाचा उपचार करून पाहू लागला. कडू कवठ हे आपल्या पश्चिम घाटातले रानटी झाड. ज्याला रानात कोणी विचारत नाही त्या झाडाच्या बियांतून माणसाचे दुःख हलके करता येईल का, हा विचार त्या काळच्या एका मराठी डॉक्टराच्या मनात आला. बाग कशासाठी हवी, याचे उत्तर मला यात दिसते.

पुढे मात्र ग्रह फिरले. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते तोवर विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या आणि बँका बुडाल्या. कापूस पिकवणाऱ्याला बाजाराचे हे रूप आजही नवीन नाही. संग्रहालयाची इमारत पैशाअभावी रखडली, ती १८७१ मध्ये कशीबशी पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडली. शेती-बागायत मंडळीही फार काळ टिकली नाही. १८७३ मध्ये बाग मुंबईच्या नगरपालिकेच्या ताब्यात आली, आणि ती आजतागायत महापालिकेकडेच आहे. शेतीच्या मंडळीचे नाव लोक विसरले. झाडे उरली.

आत शिरण्याआधी संग्रहालयाच्या अंगणात थोडे थांबा. इथे एक दगडी हत्ती उभा आहे. मुंबईसमोरच्या घारापुरी बेटावरचा हा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ मध्ये त्याला उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून टाकले. तब्बल ५० वर्षांनी, १९१४ मध्ये ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. नीट पाहिलेत तर सांधे दिसतात. विलायतेला न जाता तो मुंबईतच राहिला हे बरेच झाले.

दुसरा पाहुणा काळ्या घोड्यावरचा राजा. फोर्टात 'काळा घोडा' म्हणून जो भाग आहे, तिथला हा मूळचा पुतळा, सातवा एडवर्ड युवराज असतानाचा. १९६५ मध्ये तो तिथून काढून इथे आणला. घोडा गेला तरी चौकाचे नाव गेले नाही. मग २०१७ मध्ये तिथे बिनस्वाराचा नवा घोडा बसवला. बागेचेही तसेच झाले. १९६९ मध्ये महापालिकेने बागेला 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' हे नाव दिले. फार योग्य नाव आहे. तिकिटावर तेच असते. पण टॅक्सीवाल्याला मात्र 'राणीबाग' म्हणावे लागते. बाहेरच्या संग्रहालयाला १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव दिले गेले. ती इमारत मधल्या काळात फार पडझडीला आली होती. २००३ ते २००७ या काळात तिची डागडुजी झाली आणि जानेवारी २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. त्यात निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांच्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. मुलांना त्या जरूर दाखवा. यंत्रे येण्याआधी कामे कशी होत हे पुस्तकापेक्षा तिथे चटकन कळते.

आता प्राण्यांबद्दल. बागेत प्राणी पहिल्यापासून नव्हते हे तुमच्या लक्षात आलेच असेल. १८९० मध्ये बाग आणखी १५ एकरांनी वाढवली आणि तिथे प्राणिसंग्रहालय आले. तेव्हापासून बागेचे नशीबच पालटले. झाडे बघायला चार शहाणे येतात, वाघ बघायला सारे शहर येते. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ हा सगळा गिरण्यांचा मुलूख. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे दहा बाय दहाच्या खोल्यांत राहत, पाळीपाळीने झोपत. सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन कुठे जायचे? राणीच्या बागेत. हत्तीवर बसायचे, माकडांना हसायचे, झाडाखाली चादर अंथरून डबा खायचा. गावाकडून पाहुणा आला की त्याला दाखवायच्या मुंबईत राणीची बाग ठरलेली. कामगाराच्या खिशाला परवडणारी हिरवी सावली या भागात एवढीच होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक भोंगा बंद पडत गेला. गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या. त्या सगळ्या उलथापालथीत या ५० एकरांच्या आसपासच्या जागेवर इमारत उभी राहिली नाही, ही लहान गोष्ट नव्हे. मुंबईत एकरभर जमीन मोकळी ठेवायची म्हणजे काय, हे आपल्याकडे महामार्गाच्या आणि रेल्वेच्या कडेला ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

पण प्राण्यांची दशा चांगली नव्हती. जुने पिंजरे लहान, वर लोखंडी गज, खाली फरशी. जंगलातला जीव त्यात येरझारा घालून घालून वेडापिसा होई. १९९२ मध्ये देशभरच्या प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करायला केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले, नियम कडक झाले. हळूहळू पिंजरे रिकामे होऊ लागले आणि बागेला अवकळा आली. आपण पोरांना घेऊन जावे आणि पोरांनी रिकाम्या पिंजऱ्यासमोर उभे राहून "वाघ कुठाय?" म्हणून विचारावे, असे पुष्कळ घरांत झाले आहे.

तेव्हा महापालिकेने मोठा बेत आखला. २००७ मध्ये थायलंडच्या एका कंपनीकडून आराखडा करून घेतला. सुमारे ४३३ कोटी रुपयांचा. परदेशी प्राणी, निरनिराळ्या देशांचे देखावे, रात्रीची सफारी, सारे काही त्यात होते. आराखडा नकाशावर देखणा होता. पण काही जाणत्या बायकांनी आणि झाडे ओळखणाऱ्या माणसांनी एक साधा प्रश्न विचारला. एवढे सारे बसवायचे तर आज जिथे झाडे उभी आहेत तिथेच ना? मग झाडांचे काय?

वाचकहो, या लढ्याची मला जी गोष्ट सर्वांत भावते ती अशी की या मंडळींनी नुसती ओरड केली नाही. त्यांनी झाडे मोजली. एकेका झाडाखाली उभे राहून त्याचे नाव, जात, मूळ देश लिहून काढले. आकडा निघाला २८६ जातींची ३,२१३ झाडे. मोजलेले झाड तोडणे अवघड असते. सात-बारावर नोंद असली की बांध सरकवणाऱ्याचा हात कसा आखडतो, तसेच. त्यांनी दुसरी गोष्ट केली. ही बाग पुरातन वारशाच्या यादीत आहे, इथे मनाला येईल तसा फेरबदल करता येत नाही, हे दाखवून दिले. बागेत लोकांना घेऊन फिरायचे, झाडे दाखवायची, असा क्रमही चालू ठेवला. वर्तमानपत्रांत लिहून आले. शेवटी २०११ च्या सुमारास वारसा समितीने तो आराखडा नाकारला. महापालिकेला तो बाजूला ठेवावा लागला आणि पुष्कळ लहान, झाडांना सांभाळून घेणारा नवा बेत करावा लागला.

माझे स्वतःचे मत विचाराल तर प्राणीही हवेत. खेड्यातल्या मुलाला बिबट्या परका नाही, पण शहरातल्या मुलाने निदान एकदा तरी वाघाच्या डोळ्यात पाहावे. फक्त ३० वर्षांच्या झाडाची किंमत पिंजऱ्याच्या लोखंडापेक्षा जास्त आहे हे विसरू नये. लोखंड पैशाने येते. झाडाला ३० पावसाळे लागतात, आणि ते कोणत्याही कोटींनी लवकर आणता येत नाहीत.

नव्या बेतात पहिले आले ते पेंग्विन. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले. त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला आणि बराच गदारोळ झाला. मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहता येऊ लागले. काचेच्या आड, १६ ते १८ अंश गारव्यात ते राहतात. पेंग्विन म्हटले की आपल्याला बर्फच आठवतो. पण हे हंबोल्ट जातीचे पक्षी बर्फावरचे नव्हेत, दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. थंड समुद्रात मासे मारायचे आणि किनाऱ्यावरच्या कपारीत घरटे करायचे, असा त्यांचा व्यवसाय. म्हणजे आपल्या कोळी-मांगेल्यांचेच भाऊबंद! १५ ऑगस्ट २०१८ रोजी इथे एक पिल्लू जन्मले, भारतात जन्मलेले ते पहिले पेंग्विन. आठवड्याभरातच ते गेले. पुढे आणखी पिल्ले झाली आणि ती जगली. वाघाची जोडीही २०२० मध्ये औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून आली. आता पूर्वीसारखे गज नाहीत. काच आहे, आत झाडोरा आहे, पाणी आहे. माणसांना आत शिरून फिरता येईल एवढा मोठा पक्ष्यांचा पिंजराही केला आहे. या बाबतीत सुधारणा झाली हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे.

पण पेंग्विनांबरोबर तिकीटही वाढले. पूर्वी मोठ्या माणसाला ५ रुपये आणि मुलाला २ रुपये पडत. २०१७ मध्ये ते ५० आणि २५ झाले. आईबाप आणि दोन मुले मिळून आली तर १०० रुपयांत सवलत. हिशेब मांडून पाहा. जे कुटुंब १४ रुपयांत आत जात होते त्याला १०० मोजावे लागतात. चौघांपेक्षा जास्त माणसे असलेल्या, आजी-आजोबांना बरोबर नेणाऱ्या आपल्यासारख्या घरांचे काय? प्राण्यांचा खर्च मोठा आहे, हे मान्य. गार हवेच्या यंत्रांचे बिल कोणी तरी भरलेच पाहिजे. पण ज्याला पेंग्विन बघायचा नाही, नुसते गोरखचिंचेखाली बसायचे आहे, त्यानेही पेंग्विनाच्या गारव्याचे पैसे का भरावेत, हे मला उमगलेले नाही. ज्या बागेत गिरणी कामगार डबा घेऊन येत होता तिच्या दाराशी आज खिसा चाचपावा लागतो. झाडे वाचली, ही गोष्ट आनंदाची. त्यांची सावली कोणाला मिळते, हा प्रश्न उरलाच आहे. जाण्याआधी दर एकदा विचारून घ्या, ते बदलत असतात.

आता झाडे. इथे घाई करू नका.

गोरखचिंच पहिल्यांदा बघा. बुंधा असा की चार-पाच माणसांनी हात धरले तरी कवेत येऊ नये. ही आफ्रिकेची. जुन्या काळी गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. वसईच्या किल्ल्याच्या परिसरातही तुम्हाला ती दिसेल. उन्हाळ्यात पाने गाळून ती मुळे वर करून लावल्यासारखी उभी असते. बुंध्याचे लाकूड भुसभुशीत, त्यात पाणी साठवून ठेवते. फूल मोठे, पांढरे, ते रात्री उमलते आणि त्याचे परागीकरण वटवाघळे करतात. फळ दुधीसारखे लोंबते, आतला गर आंबट. वाळलेली हलकी फळे पूर्वी मासेमार जाळ्याला तरंगण्यासाठी बांधत. आपल्या मांगेलवाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून पाहा, कदाचित त्याला ठाऊक असेल.

मग कैलासपती. दक्षिण अमेरिकेचे झाड, पण आपल्या लोकांनी त्याच्या फुलात शंकराची पिंडी आणि वर नागाचा फणा पाहिला आणि त्याला घरचे करून टाकले. फुले फांदीला येत नाहीत, फणसासारखी थेट खोडाला लागतात. वास फार गोड. फळ मात्र तोफेच्या गोळ्याएवढे आणि फुटले की घाण मारते. म्हणून हे झाड दाराशी लावू नये, देवळाच्या मागे लावावे.

बहिणींनी सीतेचा अशोक नीट पाहून घ्यावा. कुंपणाला ओळीने सरळसोट झाडे लावून आपण 'अशोक, अशोक' म्हणतो, ती वेगळी, अशोक नव्हेत. खरा अशोक हा. पसरट, गर्द, आणि फुले आली की केशरी-तांबडे झुबके खोडाला बिलगलेले. याच्याच सालीचा अशोकारिष्ट करतात. हा आपला, इथल्याच जंगलातला. आपल्या वाडीत आंब्या-नारळाच्या सावलीला, जिथे ओल टिकते, तिथे तो मजेत वाढेल. एक लावून बघा.

आणि सर्वांवर ताण करते ती उर्वशी. मूळची ब्रह्मदेशची. तिथल्या रानातही ती फार विरळा. हिवाळा सरता सरता या झाडाला फुले येतात. लांब देठांनी खाली लोंबणारे लाल फुलांचे घोस, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका, जणू लग्नाच्या मांडवात टांगलेली झुंबरे. कोवळी पालवीही तांबूस, मऊ, मरगळल्यासारखी लोंबते आणि हळूहळू हिरवी होत सावरते. या झाडाला बी धरणे कठीण, म्हणून गुटी बांधूनच त्याची रोपे करतात. डाळिंबाची, लिंबाची गुटी बांधणाऱ्या तुमच्या हातांना त्यात नवे काही नाही. मी जेव्हा पहिल्यांदा हे झाड फुललेले पाहिले तेव्हा शेजारून शंभर माणसे पेंग्विनाची वाट विचारत निघून गेली. एकानेही मान वर केली नाही. त्यांना दोष कसा देणार? बागेच्या दाराशी पाट्या सगळ्या प्राण्यांच्याच.

झाडांवर नावांच्या पाट्या आहेत, पण सगळ्यांवर नाहीत. म्हणून मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्या. जे झाड ओळखीचे नाही त्याचे पान, साल, फूल यांचे चित्र काढू द्या. खाली पडलेले बी उचलून खिशात घालायचा मोह होईल. त्यापेक्षा तिथे काम करणाऱ्या माळ्याला विचारा. हे लोक हौसेने सांगतात आणि त्यांच्यातले कित्येक तुमच्या-माझ्यासारखेच गावाकडचे असतात.

शेजारच्या बंद पडलेल्या मफतलाल गिरणीच्या जमिनीचा काही भाग महापालिकेकडे आला आहे आणि प्राणिसंग्रहालय तिकडे वाढवायचे ठरले आहे. प्राण्यांना तिकडे जागा मिळाली तर इकडची जुनी झाडे सुखाने उभी राहतील. गिरणीची जमीन पुन्हा हिरवी होण्याचे असे प्रसंग मुंबईत फार थोडे. हे काम कसे होते याकडे लक्ष ठेवायला हवे.

जायचे कधी? मी सांगेन, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. त्या सुमारास महापालिका या बागेत झाडे, फुले, फळे आणि भाजीपाल्याचे प्रदर्शन भरवते. दोन-तीन दिवस चालते. कुंड्यांत वाढवलेली वांगी, कोबी, मिरच्या, वामनवृक्ष, औषधी रोपे, खतांची आणि अवजारांची दुकाने, सारे एका जागी पाहता येते. शेती-बागायत मंडळी १८३० च्या सुमारास जे करत होती तेच, तिने पुढे लावलेल्या बागेत, आजही चालू आहे. बहुतेक लोकांना हे ठाऊकही नसेल. तारीख वर्तमानपत्रात आधी येते. तेव्हा उर्वशीही फुलायला लागलेली असते.

बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद करतात. संध्याकाळी तिकीट देणे लवकर थांबते, तेव्हा सकाळचीच गाडी धरा. दादरला माल उतरवून थेट पुढे गेलात तर नऊ-साडेनऊला बागेच्या दारात पोचाल, आणि टोपल्या रिकाम्या असल्याने चालायलाही बरे पडेल.